रविवारच्या बैठकीतलं शेवटचं पुस्तक

आमच्या घरात पुस्तक मनातल्या मनात वाचायची पद्धत नव्हती. अप्पा कचेरीतून आले की हातपाय धुऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत आणि आत चुलीपाशी असलेल्या अम्माला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागत. मद्रासमध्ये मराठी पुस्तकं मिळणार कुठून. नात्यातलं कोणी पुण्या-मुंबईला जाऊन आलं तरच एखादं हाती लागायचं. म्हणून बहुतेक पुस्तकं इंग्रजी असत. अप्पा एक पान इंग्रजीत वाचत आणि मग तेच आपल्या मराठीत सांगत. अम्मा कॉफीच्या बिया दळायचं यंत्र फिरवता फिरवता थांबायची आणि आतूनच विचारायची, मग त्याच्या बायकोनं काय म्हटलं. चरित्र असलं की बायकोचं काय झालं हे तिला आधी कळायला हवं असे. अप्पांनाही चरित्रंच आवडत. कादंबरीतल्या माणसाला लेखक वाटेल तिकडे नेतो, चरित्रातल्या माणसाला स्वतःच जावं लागतं, असं ते म्हणायचे.

आम्ही अयनावरमला राहत होतो. पेरंबूरच्या रेल्वे कारखान्याचा भोंगा घरात इतका स्पष्ट ऐकू यायचा की अम्माचा स्वयंपाक त्यावरच चालायचा. घड्याळाकडे तिने कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. अप्पा रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आमचं घराणं तंजावरचं. तिथे पूर्वी कोण आणि कसा येऊन राहिला ते कोणालाच धड सांगता येत नसे, पण घरात मराठी टिकली होती. ती ऐकून महाराष्ट्रातून नव्याने आलेली माणसं आधी हसत आणि मग ओशाळत. आम्ही 'मला' न म्हणता 'मज' म्हणायचो, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायचो, आणि 'बरं'च्या जागी 'सरि' कधी तोंडातून जाई ते आमचं आम्हालाही कळत नसे. आज मी लिहिते आहे ही मराठी मला मालतीबाईंनी शिकवली. माझ्या आयुष्यातल्या एका वाईट दुपारी ज्यांच्या तोंडून नको ते शब्द निघाले, त्याच या मालतीबाई. पुढे आयुष्यभर मी त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही मला.

दर महिन्याला एका रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत बैठक भरायची. एक पुस्तक आळीपाळीने सगळ्यांच्या घरी फिरायचं, आणि सर्वांचं वाचून झालं की जो तो त्याबद्दल आपलं मत सांगायचा. नियम एकच होता आणि तो अप्पांनी घातलेला होता: एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मग केळीच्या पानाच्या तुकड्यावर सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, वर ओलं खोबरं, आणि पितळी पेल्यातून कॉफी. बैठकीला येणारे थोडेच. नरसिंगराव आमच्यासारखेच तंजावरचे, निवृत्त हेडमास्तर, अप्पांचे जुने स्नेही. मिसेस रॉजर्स या मागच्या गल्लीतल्या अँग्लो-इंडियन बाई. त्यांचे यजमान इंजिन ड्रायव्हर होते आणि वारले होते. त्या इंग्रजीत बोलत, अडलं की तमिळमध्ये. आणि सर्वांत शेवटी सामील झालेल्या, पुण्याहून आलेल्या मालतीबाई, ज्यांचे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होते. कॉलेजात जायला लागल्यापासून मलाही बैठकीत बसायची आणि बोलायची परवानगी मिळाली होती. माझा थोरला भाऊ मुकुंद मात्र, मालतीबाई यायच्या आधीच्या दिवसांत, बैठकीच्या वेळी घरी थांबायचाच नाही. तो मिसेस रॉजर्सच्या मुलाकडे, लेस्लीकडे असायचा, आणि तिकडून गिटारचा आवाज आमच्या विहिरीपर्यंत यायचा.

लेस्लीने नवी गिटार घेतली तेव्हा जुनी मुकुंदला देऊन टाकली होती. तिच्या लाकडाला एक चीर गेलेली होती, ती मुकुंदने सरसाने बुजवली होती. मागच्या पायरीवर बसून तो वाजवायचा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा, आम्हाला कंटाळा येईपर्यंत, आणि मग अचानक तो तुकडा असा काही गुळगुळीत होऊन यायचा की अम्मा भांडी घासायची थांबायची. रेडिओवर विलायती गाणी लागत, ती ऐकून ऐकून त्याने उचललेली. ज्या गायकाचं पुस्तक पुढे आमच्या घरात आलं, त्याची गाणी मी पहिल्यांदा मुकुंदच्या बोटांतून ऐकली. त्या गायकाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे चाहते अजून आहेत, आणि ही गोष्ट त्याची नाही.

अप्पा दुष्ट नव्हते. एकदा त्यांनी मुकुंदला समोर बसवून वाजवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि बोटं चांगली आहेत, परीक्षा झाली की कर हे, असं म्हणाले. पण मुकुंद परीक्षेत नापास झाला. तो शनिवारी संध्याकाळी लेस्लीबरोबर नाचाच्या कार्यक्रमात वाजवतो, तिथे लोक दारू पितात, हे कोणीतरी अप्पांच्या कानावर घातलं. अप्पांचा धाकटा भाऊ नाटक कंपनीबरोबर गेला होता आणि दारूने संपून परत आला होता. त्याला खाटेवरून घरात आणलं तेव्हा आजीने जो टाहो फोडला, तो अप्पांच्या कानातून कधीच गेला नव्हता. हे आम्ही मुलांनी अम्माकडून ऐकलेलं. अप्पांनी त्याचं नावही कधी काढलं नाही.

एका सकाळी मुकुंद बाहेर गेलेला असताना अप्पांनी ती गिटार न्हाणीघरात नेली. आमच्याकडे आंघोळीचं पाणी तांब्याच्या हंड्यात तापायचं आणि खाली लाकडं जळायची. मी परसात कपडे वाळत घालत होते. मला आधी लाकूड तडकल्याचा आवाज आला, आणि मग तार तुटल्याचा. तो आवाज सुरात होता, म्हणून मला लगेच कळलं. मी आत धावले तेव्हा अप्पा हंड्यासमोर उकिडवे बसले होते आणि जळणाऱ्या लाकडाकडे बघत होते, जसे ते कचेरीच्या कामाचे कागद बघत तसे. मग त्याच पाण्याने आंघोळ करून ते कचेरीत गेले. दुसऱ्या दिवशी अम्मा भांड्यांसाठी राख काढायला गेली तेव्हा तिच्या हाताला तारा लागल्या, काळ्या पडलेल्या, वेटोळी झालेल्या. तिने त्या धुतल्या आणि कुठे ठेवल्या ते मला ठाऊक नाही. मुकुंदने एका शब्दानेही विचारलं नाही. मागच्या पायरीवर बसायचं मात्र त्याने सोडलं.

पुढे अप्पांनी ओळखीने त्याला अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात लावलं. पत्र्याचे भाग दाबून काढायचं काम होतं. मुकुंद सकाळी डबा घेऊन पेरंबूरहून गाडीने जायचा आणि संध्याकाळी तेलाचा वास घेऊन परत यायचा. तक्रार नाही, बोलणं नाही. अप्पा समाधानी दिसत. पोरगा मार्गाला लागला असं त्यांनी नरसिंगरावांना सांगितलेलं मी ऐकलं होतं. मग पावसाळा संपता संपता एके दुपारी कारखान्याचा माणूस आमच्या दारात आला आणि चप्पल न काढताच उभा राहिला. दाबयंत्रात मुकुंदचा डावा हात सापडला होता. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं गेली.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे काय, हे आमच्या घरात न सांगताही सर्वांना कळत होतं. मिसेस रॉजर्स इस्पितळात आल्या, त्यांनी पट्टी बांधलेला तो हात पाहिला आणि तमिळमध्ये फक्त "अय्यो, कण्णा" म्हणाल्या. आपल्या लेकराला म्हणतात तसं. लेस्ली तोवर विलायतेला निघून गेला होता. मुकुंद घरी आला. कारखान्याने त्याला फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायच्या कामाला घेतलं. रोज सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं अप्पा लावत. कोणी सांगितलं नव्हतं. मुकुंद हात खाली सोडून उभा राहायचा, आणि अप्पा खालून वर एकेक बटण लावत जायचे. पुढे त्याला स्वतःला जमायला लागलं तरी बरेच दिवस तो तसाच उभा राहायचा. त्या अपघातानंतर अप्पांनी मुकुंदला कशालाही नाही म्हटलं नाही. सिगारेट ओढतो हे कळलं तेव्हासुद्धा नाही.

म्हणूनच ते पुस्तक बैठकीत आलं. लेस्लीने ते विलायतेहून मुकुंदसाठी पाठवलं होतं. तो गायक नुकताच वारला होता, मुकुंदहून फार मोठा नव्हता, आणि एका वर्तमानपत्रवाल्याने लगेच त्याचं चरित्र लिहून काढलं होतं. मुखपृष्ठावर त्याचा फोटो, छातीवरची बटणं उघडी, कपाळावर घामाने चिकटलेले केस. मुकुंदने ते वाचलं आणि एका संध्याकाळी अप्पांच्या बाकावर आणून ठेवलं. पुढच्या बैठकीला हे घेऊ या, मीही बसेन, असं तो म्हणाला. अप्पांनी मुखपृष्ठ पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सरि."

पुस्तक आधी नरसिंगरावांकडे गेलं. त्यांनी त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि बाहेर संस्कृत पाठमालेचं नाव लिहिलं, म्हणजे सुना-नातवंडांना कळू नये. मिसेस रॉजर्सनी ते इतकं हळूहळू वाचलं की अम्मा रोज विचारायची, त्या बाईचं झालं का. मालतीबाईंनी एका दमात संपवलं आणि दुसऱ्या दिवशी भाजीवालीपाशी मला गाठून म्हणाल्या, सुगुणा, मला खूप बोलायचंय, पण रविवारपर्यंत थांबते. हल्ली माझी नात मला फोनवर दाखवते, एखाद्या पुस्तकाखाली शेकडो माणसं मतं लिहितात, चांदण्या देतात. कोणी रागाने लिहितं, कोणी रडून. लिहिणाऱ्याला माहीत नसतं की ते वाचणारा कोण आहे आणि त्याच्या घरात काय घडून गेलंय. मला ती मतं वाचवत नाहीत. मी फोन तिला परत देते.

मधल्या काळात मीही ते चरित्र वाचलं. तो गायक एका बंदराच्या गावातला. बाप गोदीत कोळसा उतरवायचा. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना बापाने त्याची गिटार उंबऱ्यावर आपटून मोडली. मुलगा त्याच रात्री घरातून पळाला, मोठ्या शहरात गेला, उपाशी राहिला, मग गाजला. पुढे दारू, गोळ्या, मोडलेली दोन लग्नं, आणि शेवटी एका हॉटेलच्या खोलीत एकट्याने मरण. गिटार मोडली ते सगळं एका पानात होतं. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बाहेर आले, तर मुकुंद अंगणात उभा होता. तुला ठाऊक होतं ना यात काय आहे, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पहिल्यांदा वाचलं तेव्हाच.

अप्पांनी सर्वांत शेवटी वाचलं. या वेळी मोठ्याने नाही. जवळ शब्दकोश घेऊन ते बाकावर बसत, आणि आत अम्मा वाट बघायची, पण आवाज यायचा नाही. एका संध्याकाळी मी कॉफी घेऊन गेले तेव्हा ते त्या पानावर होते. बऱ्याच वेळाने पेला न्यायला गेले तेव्हाही त्याच पानावर होते, आणि कॉफीवर साय धरली होती.

बैठकीच्या दिवशी ऊन फार होतं. अम्माने सुंडल केलं होतं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, जशी नेहमी बसायची, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. मुकुंद भिंतीला टेकून, डावा हात उजव्या हाताखाली झाकून बसला. नरसिंगरावांनी सुरुवात केली. असल्या माणसाचं चरित्र लिहिणंच चूक, त्यातून तरुणांनी घ्यायचं काय, लेखकाला बाटल्या मोजण्यात रस आहे आणि माणसात नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते बोलत असताना अप्पांकडे बघत नव्हते. त्या पानाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मिसेस रॉजर्स त्या गायकाच्या आईबद्दल बोलल्या. ती रोज मागच्या दाराची कडी काढून ठेवायची, पोरगा आलाच तर बाहेर उभा राहू नये म्हणून, हे वाचून आपण पुस्तक बाजूला ठेवलं आणि लेस्लीच्या खोलीत जाऊन बसलो, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं की चरित्र गाणाऱ्याचं आहे, पण गाण्याबद्दल त्यात काहीच नाही. तो कसा गायचा हे ज्याने ऐकलं नसेल त्याला कळणारच नाही. ते माझं खरं मत होतं. पण ते बोलताना मी मनातून एवढंच म्हणत होते की आता हे संपावं.

मग मालतीबाई. त्या पुण्याहून आल्या त्याच्या आधी आमच्या न्हाणीघरात ते सगळं होऊन गेलं होतं. मुकुंदचा हात कारखान्यात गेला एवढंच त्यांना माहीत होतं. तो कधी गिटार वाजवायचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नसे. त्या मनापासून बोलणाऱ्या बाई. पदर खोचून, पुढे सरकून बसल्या.

"मला त्या गाणाऱ्याचं फारसं काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "दारू पिऊन मेला, पुष्कळ जण मरतात. मला राग आला तो त्या बापाचा. पोराजवळ आपली म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती त्याने उंबऱ्यावर आपटली. पुढचं सगळं तिथून सुरू झालं. हॉटेलात पोरगा मेला तो तेव्हा नाही मेला, तो त्या उंबऱ्यावरच मेला. आणि लेखकाने त्या बापाला एका पानात सोडून दिलं. मी नसता सोडला."

अम्माच्या हातातला चमचा खाली पडला, तो उचलायला कोणी वाकलं नाही. नरसिंगरावांनी घसा खाकरला आणि कॉफी आण म्हणून मला खूण केली. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. आपलं काहीतरी चुकलं हे मालतीबाईंच्या लक्षात आलं, पण काय ते कळेना. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आता माझी पाळी," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी सांगितलं की ते पान त्यांनी पुष्कळदा वाचलं, कारण गिटार मोडताना बाप काय बोलला हे त्यांना बघायचं होतं. लेखकाने ते लिहिलेलं नाही. बहुतेक बाप काहीच बोलला नसेल. मग ते मालतीबाईंकडे वळले. "मी मोडली नाही, बाई. मी जाळली. न्हाणीघरातल्या चुलीत. मुकुंदची. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझं दुसरं मत नाही."

मालतीबाईंनी तोंडावर पदर घेतला. मिसेस रॉजर्सना मराठी कळत नव्हती, पण त्यांना सगळं कळलं होतं. त्या खाली बघत होत्या. मुकुंद आतापर्यंत भिंतीला टेकून होता. तो सरळ बसला. त्याने झाकलेला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला, आणि मला वाटलं की आता तो इतक्या दिवसांचं सगळं बोलणार.

"त्या बापाबद्दल मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "त्याच्यात आणि अप्पांत फार फरक नाही. फरक त्या गाणाऱ्यात आणि माझ्यात आहे. तो त्याच रात्री निघून गेला. मी डबा घेऊन अंबत्तूरला गेलो. त्याच्यावर पुस्तक झालं ते त्यामुळे. मला वाचताना तेवढंच वाटलं."

त्याने अप्पांना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. अप्पांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच घातलेला नियम मोडला आणि विचारलं, "मग तू का नाही गेलास?"

"जाणार होतो. पिशवी लेस्लीकडे नेऊन ठेवली होती," मुकुंद म्हणाला. "पण तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशीही पानावरून उठलात. म्हटलं, अप्पा जेवले की जाऊ. मग राहून गेलं."

मी अम्माकडे पाहिलं. तिने डोळे मिटून मान हलवली. तिला ते ठाऊक होतं. अप्पांनी हात न लावलेलं पान तिनेच उचललं होतं, आणि दाराआडून ते बघणारा मुलगाही तिने पाहिला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुंडल तसंच राहिलं. नरसिंगराव छत्री घेऊन निघाले, ती न उघडताच उन्हात चालत गेले. मिसेस रॉजर्सनी जाताना मुकुंदच्या डोक्यावर हात ठेवला. मालतीबाई मात्र गेल्या नाहीत. क्षमा माग, समजूत घाल, असलं त्यांनी काही केलं नाही. त्या आत जाऊन अम्माशेजारी बसल्या आणि न वापरलेले पेले पुन्हा धुऊ लागल्या. त्यानंतर आमच्या घरी बैठक भरली नाही.

काही दिवस गेले. मग एका सकाळी, कचेरीची वेळ झालेली असताना, अप्पा पाटावर बसले आणि अम्माला वाढायला सांगितलं. त्या दिवशी रसवांगी होती, वांगी आणि डाळ घालून केलेली आमच्याकडची आमटी, त्यांना फार आवडायची. त्यांनी पानातलं सगळं संपवलं, पुन्हा भात घेतला, पुन्हा आमटी घेतली, ताक घेतलं. मग उठायच्या आधी मुकुंदला हाक मारली. तो येऊन उभा राहिला.

"मी जेवलो आहे," अप्पा म्हणाले. "बघून घे. आता तू जा."

मुकुंदला वाटलं ते रागावले आहेत. अम्मालाही तसंच वाटलं. ती "पोदुम, पोदुम" म्हणत मध्ये आली, पुरे करा म्हणून. पण अप्पांचा चेहरा रागावलेला नव्हता. कुठे जायचं ते तू ठरव, या घरासाठी थांबू नकोस, तुझ्याकडे अजून पुष्कळ आयुष्य आहे, असं ते हळूहळू समजावत राहिले, आणि बोलता बोलता खरकटा हात वाळून गेला तरी पानावरून उठले नाहीत.

तो कलकत्त्याला गेला. लेस्लीचा एक मावसभाऊ तिथे हॉटेलच्या बँडमध्ये होता. मुकुंद त्यांचे कार्यक्रम ठरवायचा, वाद्यांची देखभाल करायचा, आणि रिकाम्या वेळी पोरांना शिकवायचा. स्वतः वाजवता येत नसलं तरी बोट कुठे चुकतं ते त्याला ऐकून सांगता येत होतं. त्याची कार्डं येत. थोडकं लिहायचा. थंडी फार आहे, मासे सगळीकडे असतात, एक पोरगा चांगला तयार होतोय. आपण सुखी आहोत असं त्याने कधी लिहिलं नाही, पण परत येतो असंही लिहिलं नाही. अप्पा कार्ड वाचून अम्माला द्यायचे आणि मग जेवायला बसायचे. पान त्यांनी पुन्हा कधी टाकलं नाही. ताप असला तरी चार घास खायचे.

काही वर्षांनी तार आली. मुकुंद काविळीने गेला होता, आजारी असल्याचं त्याने कोणाला कळवू दिलं नव्हतं, आणि बँडच्या मुलांनीच सगळं उरकलं होतं. जायचं म्हटलं तरी आता तिथे काही उरलं नव्हतं. अप्पा निवृत्त झाले होते. त्यांनी तार दोनदा वाचली, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या अंगाने परत आले. अम्मा भिंतीला डोकं लावून बसली होती. घरात चूल पेटणार नव्हती. दुपारी मालतीबाई साधा वरणभात घेऊन आल्या आणि डबा कोपऱ्यात ठेवून अम्माजवळ बसल्या. आज कोणी त्याला हात लावणार नाही हे त्यांनाही माहीत होतं.

अप्पांनी पाट घेतला आणि माझ्याकडे बघून वाढ म्हणाले. मी अम्माकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. मी वाढलं. ते जेवायला लागले, सावकाश, एकही शीत न सांडता, आणि घास गिळताना त्यांचा गळा इतका कष्टाने हलत होता की मला बघवेना. शेवटी अम्माला राहवलं नाही. तुमच्या घशाखाली उतरतं तरी कसं, असं तिने विचारलं. पाठ फिरवूनच, अगदी हळू.

"तो अजून वाटेत असेल," अप्पा म्हणाले. "मी जेवलो नाही असं त्याला कळलं तर परत फिरेल."

आणि त्यांनी माझ्याकडे आणखी भात मागितला.